गोळी लागून मज्जारज्जूला इजा झालेला मुलगा घरी आल्यावर: पहिली दोन वर्षं कशी सांभाळायची

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सतरा वर्षांच्या भावाला चार महिन्यांपूर्वी गोळी लागली. छातीच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर, म्हणजे टी-५ ला, मज्जारज्जूला इजा झाली. डिस्चार्जच्या कागदावर ‘पूर्ण इजा, श्रेणी ए’ असं लिहिलंय आणि गोळी अजून आतच आहे. तुम्ही आणि आई मिळून रोज दोन तास त्याच्या पायांचे व्यायाम करून घेता. तो फारसा बोलत नाही, रात्री जागा असतो, घराबाहेर पडायला तयार नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तो चालेल का, गोळी काढून टाकावी का, आणि कोणीतरी सुचवलेलं स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन द्यावं का.

तिन्हींची उत्तरं देते. पण माझ्या कामात अशा मुलांचं पुढचं आयुष्य या तीन गोष्टींवर क्वचितच ठरतं. ते ठरतं त्याची कातडी, मूत्राशय आणि खांदे यांची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या हातात किती लवकर जाते यावर, आणि ज्या हिंसेत तो सापडला ती त्याच्यासाठी खरंच संपली आहे का यावर. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर आहे.

आधी चालण्याचं. श्रेणी ए म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या सर्वांत खालच्या भागातही संवेदना नाही आणि हालचालही नाही. ही तपासणी सुईच्या टोकाने, कापसाने आणि बोटाने करतात. ती करताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर आणि सहकार्य करणारा असावा लागतो. तपासणी पहिल्या दिवसांत, गुंगीच्या औषधांखाली झाली असेल तर तिच्यावर पूर्ण विसंबू नका, आता पुन्हा करून घ्या. चार महिन्यांनी नीट केलेली तपासणीही ‘ए’ सांगत असेल, तर चालण्यापुरती ताकद पायांत परत येण्याची शक्यता फारच कमी असते. मज्जारज्जूच्या इजेत जी सुधारणा व्हायची तिचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होतो, मग वेग मंदावतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर फारसं बदलत नाही. गोळीच्या इजा अपघाताच्या इजांपेक्षा जास्त वेळा पूर्ण असतात. वेगाने जाणारी गोळी ऊतींमध्ये क्षणभर मोठी पोकळी करते आणि तो दाबाचा धक्का मज्जारज्जूला चिरडतो. गोळी कण्याच्या नळीतून गेलीच नसली तरी हे होऊ शकतं. म्हणून ‘गोळी तर बाजूने गेली होती, मग असं का’ या प्रश्नात डॉक्टरांची चूक शोधू नका.

हेच कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी झालं असतं तर मी वेगळं बोलले असते. तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, उरतो तो नसांच्या मुळांचा झुपका, आणि मुळं मज्जारज्जूपेक्षा बरीच चांगली सावरतात. टी-५ च्या बाबतीत आशा ठेवायची ती दुसऱ्या गोष्टीची. हात पूर्ण चांगले आहेत. या पातळीचा तरुण मुलगा व्हीलचेअरवर बसणं-उतरणं, कपडे, आंघोळ, लघवी, संडास, स्वयंपाक, हाताने चालवायची गाडी हे सगळं कोणाच्या मदतीशिवाय करू शकतो. हे मी उमेद द्यायला म्हणत नाही, या पातळीला हेच अपेक्षित असतं. दीड वर्षाने तो तिथे पोचला नसेल, तर कुठे अडलं ते शोधायचं.

गोळीबद्दल. गोळी काढल्याने टी-५ चा मज्जारज्जू सुधारत नाही, आणि शस्त्रक्रियेने संसर्ग किंवा मज्जाद्रव, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं पाणी, गळण्याचा नवा धोका येतो. म्हणून बहुतेक वेळा ती तशीच ठेवतात. काढायचा विचार कधी होतो? गोळी टी-१२ पासून एल-५ पर्यंतच्या, म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या शेवटच्या मणक्यापर्यंतच्या, नळीत अडकलेली असेल तर, कारण तिथे काढल्याने ताकदीत फरक पडू शकतो. ताकद किंवा संवेदना असताना ती पुन्हा कमी होऊ लागली तर. जखमेतून मज्जाद्रव येत राहिला तर. किंवा शिसं शरीरात मुरत असेल तर. शेवटचं क्वचित होतं, आणि मुख्यतः गोळी सांध्यात, मणक्यांमधल्या चकतीत किंवा मज्जाद्रवाला लागून असते तेव्हा. पोटात कळा, रक्त कमी होणं, गोंधळल्यासारखं वागणं अशी लक्षणं महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसली तर रक्तातल्या शिशाची पातळी तपासायला सांगा, कारण ‘याला जुनी गोळी आहे’ हे नव्या डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं नाही.

आणखी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. पहिली: गोळी मणक्यापाशी येण्याआधी आतड्यातून गेली होती का? गेली असेल तर महिन्यांनंतरही ताप आणि पाठदुखी एकत्र आली की मणक्याच्या संसर्गाची शंका घ्यायची, नुसता लघवीचा संसर्ग समजून थांबायचं नाही. दुसरी: एमआरआय. शिसं आणि तांबं चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण काही गोळ्यांच्या आवरणात पोलाद असतं. म्हणून एमआरआयच्या आधी दरवेळी ‘शरीरात गोळी आहे’ असं सांगायचं आणि अलीकडचा एक्स-रे बरोबर न्यायचा. करायचा की नाही हा निर्णय रेडिओलॉजिस्टचा.

आता कातडी. पहिल्या महायुद्धात कण्यात गोळी लागलेले बहुतेक सैनिक मूळ जखमेने गेले नाहीत, ते बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल इथे लुडविग गुटमन यांनी कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. तिथे दर दोन तासांनी कूस बदलणं आणि मूत्राशयाची काटेकोर काळजी यावर त्यांनी इतका भर दिला की माणसं जगायला लागली. आजही वर्षभरानंतर पुन्हा दाखल होणाऱ्या मुलांमध्ये हीच दोन कारणं वरच्या क्रमांकाला असतात.

बसलेल्या माणसाचं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. तिथलं रक्त दाबाने थांबतं, तुम्हा-आम्हाला टोचतं आणि आपण नकळत हलतो. त्याला टोचत नाही, म्हणून हलणं घड्याळाने करायचं. दर अर्ध्या तासाला, सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी, वजन काढायचं आणि ते निदान दोन मिनिटं. दोन्ही हातांवर अंग उचलून धरणं बहुतेकांना शिकवलेलं असतं, पण ते कोणी वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त धरत नाही. तेवढ्यात रक्त पुरतं परत येत नाही आणि खांदे मात्र झिजतात. त्याऐवजी पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवणं चांगलं. टी-५ ला पोटाचे आणि पाठीचे खालचे स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे पुढे वाकल्यावर परत वर येणं आधी फिजिओसमोर शिकावं लागतं. तोवर एक कोपर व्हीलचेअरच्या मागच्या मुठीत अडकवून दुसऱ्या बाजूला झुकायचं, दोन मिनिटं इकडे, दोन मिनिटं तिकडे. मोबाइलवर कंप होणारा गजर लावा, वाजणारा नको. मित्रांसमोर वाजणारा गजर मुलं पहिल्याच आठवड्यात बंद करतात.

सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना लांब दांड्याच्या आरशाने पाहायचं: बसायची हाडं, माकडहाड आणि त्याच्या वरचा भाग, खुबे, घोटे, टाचा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. पांढरा होऊन परत लाल होत असेल आणि अर्ध्या तासात जात असेल तर ठीक. जात नसेल तर त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही, रंग पूर्ववत होईपर्यंत. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागणं, सूज हे हाताने तपासायचं. डाग चोळायचा नाही, आतल्या आधीच दुखावलेल्या ऊती त्याने फाटतात. मधे भोक असलेली गोल रिंग बसायला देऊ नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं.

जखमा कुठून येतात ते सांगते, कारण गादीकडेच सगळे पाहत बसतात. पलंगावर पाठ उंच करून तासन्‌तास मोबाइल पाहणं: अंग हळूहळू खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी आतून ओढली जाते, म्हणून तीस अंशांपेक्षा जास्त उंची फार वेळ नको. मागच्या खिशातलं पाकीट, जीन्सचे जाड शिवण आणि धातूची बटणं. खुर्चीवर जाताना चाकाला घासणारं बूड. कमोडचं कडक सीट. गाडीचं सीट, जिथे त्याचं कुशन नसतं. मांडीवर ठेवलेला गरम लॅपटॉप किंवा चहाचा कप. हवेचं कुशन असेल तर आठवड्यातून एकदा, तो बसलेला असताना, तळहात वर करून कुशनच्या खाली सरकवा आणि बसायच्या हाडाखाली बोटं नेऊन पाहा. हाड आणि तळ यांच्यात साधारण एक ते अडीच सेंटिमीटर अंतर हवं. कमी असेल तर तो तळावर बसलाय, जास्त फुगवलेलं असेल तर तोल जातो आणि दाब उलट वाढतो.

मूत्राशयाकडे वळते. इजेनंतरचे पहिले काही आठवडे मूत्राशय ढिलं असतं. मग टी-५ सारख्या इजेत ते स्वतःहून आवळायला लागतं, आणि अडचण अशी की त्याच वेळी खालची झडपही आवळते. नळाचं तोंड दाबून धरून पंप चालू ठेवावा तसं आत होतं आणि तो दाब मूत्रपिंडांपर्यंत मागे जातो. यात काहीही दुखत नाही. म्हणून ‘लघवी काढायच्या नळीच्या मधल्या वेळात थोडी गळती होते, पॅड लावतो’ हे ऐकलं की मी पॅडवर थांबत नाही, मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक्स, झाली का ते विचारते. झाली नसेल तर चौथा महिना ही योग्य वेळ आहे. दाब जास्त निघाला तर मूत्राशय सैल करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या किंवा त्यासाठीच मूत्राशयात बोटुलिनमचं इंजेक्शन, असे मार्ग आहेत.

बहुतेक तरुणांसाठी ठरावीक वेळेला नळी घालून लघवी काढणं हीच चांगली पद्धत. दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी पाचशे मिलीच्या आत. आठवडाभर मापाच्या भांड्यात मोजून वेळेसकट लिहा. सारखं सहाशे येत असेल तर मधला वेळ कमी करा किंवा पाणी दिवसभरात नीट वाटा, रात्रीचं कमी करा. पाणी दीड ते दोन लिटर हवंच. शाळेत नळी घालायला लागू नये म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत, आणि खडे, संसर्ग तिथून सुरू होतात. नळी घालताना झडपेपाशी अडली तर जोर लावायचा नाही, थांबायचं, दीर्घ श्वास, आणि आवळणं सुटलं की हलकेच पुढे. लघवी थांबल्यावर नळी एकदम ओढू नका. सावकाश काढा, मधे धार पुन्हा आली तर तिथेच थांबा, नाहीतर तळाला लघवी राहते.

संसर्गाबद्दल एक मत ठाम सांगते. नळी वापरणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत जंतू सापडतात. नुसता रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, लघवी गढूळ किंवा वासाची वाटली म्हणून प्रतिजैविकं देऊ नयेत. अशाने दोन वर्षांत एकही साधं औषध लागू पडेनासं होतं. ताप, नवी गळती, पायांचे झटके अचानक वाढणं, पुढे सांगितलंय तसा रक्तदाब चढणं, कसनुसं वाटणं यांतलं काही सोबत असेल तर उपचार. मूत्रपिंडांची सोनोग्राफी दरवर्षी, काही होत नसलं तरी.

संडासाचं लवकर उरकते. टी-५ ला गुदाशयाची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते, तिचा फायदा घ्यायचा. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायची औषधाची वडी, गुदाशयाच्या भिंतीला लागेल अशी ठेवा, मळात खुपसू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग हातमोजा आणि जेल लावून बोट गोलाकार पंधरा-वीस सेकंद फिरवायचं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा, काही येईनासं होईपर्यंत. सगळं मिळून तासाच्या आत आटोपायला हवं. आटोपत नसेल तर तंतुमय आहार, औषधं, वेळ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे पाहा.

पुढचा मुद्दा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. टी-६ किंवा त्यावरच्या इजेत खालच्या अंगाला कशानेही त्रास झाला की रक्तदाब एकाएकी चढू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. ठणकणारं डोकं, इजेच्या वरच्या भागात घाम आणि लाली, नाक चोंदणं, अंगावर काटा, नाडी कधी कधी मंद. फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फसगत अशी की अशा मुलांचा नेहमीचा वरचा आकडा नव्वद ते एकशे दहा असतो. तातडीच्या विभागात १३० पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणतात, पण त्याच्यासाठी तो चढलेला असतो. किशोरवयात नेहमीपेक्षा पंधरा-वीस अंकांनी वाढलेला दाब हा इशारा समजायचा. म्हणून शांत असतानाचे आठवड्याभराचे आकडे लिहून ठेवा आणि ते कार्ड त्याच्या खुर्चीला अडकवा.

आला तर काय करायचं? ताबडतोब ताठ बसवा, पाय खाली सोडा, आडवं करू नका. पट्टा, बूट, मोजे, कपडे सैल करा. मग कारण शोधा. सर्वांत आधी मूत्राशय: कायमची नळी असेल तर वळलीय का पाहा, नसेल तर जेल लावून लघवी काढा. दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब मोजा. मग गुदाशय, तिथे आधी बधिर करणारं जेल लावून निदान दोन मिनिटं थांबा, कारण बोटानेच दाब आणखी चढू शकतो. मग कातडी, नखुरडं, मांडीखाली अडकलेली एखादी वस्तू. दाब साधारण १४० च्या वर राहिला किंवा कारण सापडलं नाही तर तातडीच्या विभागात न्या. आणि तिथे त्याला एकट्याने बोलू द्या, कारण डॉक्टरांना विचारावं लागतं की गेल्या दिवस-दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीचं औषध, घेतलं होतं का. घेतलं असेल तर रक्तदाब उतरवणारं नायट्रेटचं औषध देता येत नाही, दाब धोकादायकरीत्या पडतो. सतरा वर्षांचा मुलगा हे बहिणीसमोर सांगणार नाही.

याच ओघात लैंगिकतेचं. हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्या आठवड्यापासून आहे आणि कोणी विचारलेलं नाही, असं धरून चला. या पातळीला स्पर्शाने येणारी लिंगाची ताठरता बहुधा शिल्लक असते, वीर्यपतन अवघड होतं, पण विशिष्ट कंपनाच्या उपकरणाने किंवा इतर मार्गांनी वीर्य मिळवता येतं, आणि पुढे मूल होणं शक्य असतं. टी-५ ला ते उपकरण पहिल्यांदा वैद्यकीय देखरेखीत वापरायचं, कारण वर सांगितलेला दाब चढतो. तुम्ही फक्त त्याची डॉक्टरांशी एकट्याने भेट ठरवा. मुलगी असती तर सांगितलं असतं की पाळी काही महिन्यांत परत येते, गर्भ राहू शकतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

रात्री न झोपण्यामागे वेदना आहे का ते थेट विचारा. पाय बधिर असूनही पायांची आग होते, विजेचे झटके बसतात, आणि गोळीच्या इजेत हे जास्त दिसतं. हे ‘मनाचे खेळ’ नाहीत, दुखावलेला मज्जारज्जू चुकीचे संदेश पाठवतो. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, कधी सोबत अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन, असं हळूहळू वाढवत देतात. फरक कळायला काही आठवडे लागतात आणि ‘शून्य’ क्वचितच होतं, झोप लागणं हे पहिलं उद्दिष्ट. अफूजन्य गोळ्यांनी अशी वेदना नीट जात नाही, बद्धकोष्ठ मात्र होतं, आणि बद्धकोष्ठाने दाब चढतो. पायांचे झटके कमी करणारी बॅक्लोफेन चालू असेल तर ती कधीही एकदम संपू देऊ नका, अचानक बंद झाल्यास फिट येऊ शकते. आणि वर्षांनंतर जरी वेदना नव्याने वर सरकली, हातात बधिरपणा आला, पकड सैल झाली, तर मज्जारज्जूत द्रवाची पोकळी वाढतेय का हे पाहायला हवं.

आता तुमचे ते दोन तास. प्रेमाने करता, पण एवढे नकोत आणि जोराने तर नकोच. महिन्यांत पायांची हाडं विरळ होतात, जोरात ताणल्याने गुडघ्याजवळ मोडू शकतात आणि त्याला कळणारही नाही. पहिल्या सहा महिन्यांत खुब्याच्या सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होण्याचाही धोका असतो. मांडी किंवा गुडघा सुजला, गरम लागला तर व्यायाम थांबवा. ती रक्ताची गुठळी, मोडलेलं हाड किंवा वाढलेलं हाड असू शकतं, तपासल्याशिवाय कळत नाही. रोज वीस-तीस मिनिटं सौम्य ताण पुरे. मांडीचे मागचे स्नायू इतकेच सैल हवेत की पाय सरळ ठेवून तो पलंगावर बसू शकेल, म्हणजे पाय साधारण शंभर-एकशे दहा अंश वर जावा. कमरेचा कडकपणा मात्र मुद्दाम राखायचा, पोटाचे स्नायू नसताना तोच त्याला बसतं ठेवतो. ‘आणखी लवचीक करू’ म्हणून पाठ वाकवत बसलात तर बसण्याचा तोल जाईल. दिवसातून वीस मिनिटं पालथं झोपणं याने खुबे सरळ राहतात आणि बुडाला विश्रांती मिळते.

वाचलेला वेळ त्याच्या खांद्यांना द्या, आता पन्नास वर्षं चालण्याचं काम तेच करणार आहेत. खुर्ची हलकी आणि त्याच्या मापाची हवी. चाकाच्या वरच्या टोकाला हात ठेवल्यावर कोपर शंभर ते एकशे वीस अंशांत वाकलेलं असावं. ढकलताना लांब, सावकाश हात, तोकडे-तोकडे झटके नकोत. खुर्चीवरून पलंगावर जाताना दोन्हींची उंची सारखी, सरकपट्टी वापरायला लाज नको, आणि आधी कोणता हात पुढे जातो ते आलटून-पालटून. तो तेरा-चौदा वर्षांचा असता तर पाठ वाकडी होण्याची चिंता यापेक्षाही मोठी असती, वाढ संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी कण्याचे एक्स-रे लागले असते. सतराव्या वर्षी एक घेऊन ठेवा, वाढ किती शिल्लक आहे त्यावर पुढचं ठरेल.

ही सगळी कामं त्याच्याकडे कशी द्यायची? एकदम नाही. आधी तो तोंडी सांगेल आणि तुम्ही कराल: ‘आता नळी, आता जेल, आता थांब.’ मग तो करेल आणि तुम्ही पाहाल. मग तुम्ही खोलीबाहेर. मी नळीपासून सुरुवात करते, संडास शेवटी. पहिल्या टप्प्यात तो चिडतो, चुकीचं मुद्दाम सांगतो, चालायचंच. आईच्या हातून होणारी लघवी-संडासाची कामं सहा महिन्यांपलीकडे रेंगाळली तर दोघांनाही त्यातून बाहेर पडणं फार जड जातं. नेमकी हीच मुलं पुढे जखमा लपवतात, कारण अंगाकडे पाहणं हे दुसऱ्या कोणाचं काम झालेलं असतं.

त्याचं गप्प राहणं मी लगेच नैराश्य म्हणणार नाही. गोळी लागलेल्या मुलाला बाहेर पडायची भीती वाटण्याला खरं कारण असू शकतं. ज्याने गोळी मारली तो त्याच भागात आहे का? खटल्यात याला साक्ष द्यायची आहे का? मित्र बदल्याच्या गोष्टी करतात का? सोबत आणखी कोणी गेलं का, ज्याचं दुःख करायला याला वेळच मिळाला नाही? पळू शकत नाही, लपू शकत नाही, ही जाणीव अशा मुलांना रात्री छळते. हे प्रश्न विचारल्याशिवाय दिलेली नैराश्याची गोळी अर्धीच लागू पडते. गरज असेल तर काही महिने दुसरीकडे राहणं, पलंग खिडकीपासून दूर हलवणं, हाही उपचारच आहे. दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं, दुःस्वप्नं यांसाठी आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा. आणि ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात शस्त्र असेल तर ते बाहेर काढा, औषधांच्या गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा.

‘तो काहीतरी करत असणार, उगाच कोण मारेल’ हे नातेवाईक बोलतात, कधी कधी दवाखान्यातही सूर तसा असतो. बहिणीकडून एवढं व्हावं की घरात तरी ही चौकशी बंद होईल. बाहेर विचारणाऱ्यांसाठी त्यानेच एक वाक्य ठरवावं, ‘इजा झाली, आता ठीक आहे’ इतकं पुरतं.

आणि त्याला त्याच्यासारखा कोणीतरी भेटू द्या. झाडावरून पडलेला पन्नाशीचा माणूस कितीही भला असला तरी या मुलाची रात्र त्याला कळणार नाही. अमेरिकेत ओकलंडमध्ये १९९४ साली रुग्णालयातच खाटेपाशी जाऊन जखमी तरुणांशी बोलणारा कार्यक्रम सुरू झाला. तो उभारण्यात गोळीनेच पाय निकामी झालेल्या शर्मन स्पिअर्स या तरुणाचा हात होता. बदल्याच्या विचारापासून मुलाला परत आणणं, कागदपत्रं, शाळा, राहण्याची जागा, हे सगळं तिथला सोबती पाहतो. असा कार्यक्रम जवळ नसेल तर पुनर्वसन विभागातल्या समाजसेवकाला थेट सांगा: गोळीची इजा झालेला, व्हीलचेअरवर दोन-तीन वर्षं काढलेला कोणी मुलगा फोनवर बोलेल का? शाळा अर्ध्या दिवसाने सुरू करा, आणि पहिल्या दिवसाआधी तिथलं स्वच्छतागृह खुर्चीसकट जाऊन पाहा. दार निदान ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि उताराला एका फुटाच्या उंचीमागे बारा फूट लांबी, एवढं मोजपट्टीने तपासा.

राहिलं स्टेम सेल. मज्जारज्जूची पूर्ण इजा स्टेम सेलने भरून येते असं आजवर सिद्ध झालेलं नाही. टोचलेल्या पेशींमधून कण्यात गाठ वाढल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. खरा अभ्यास असेल तर तो नोंदणीकृत असतो, नैतिक समितीची मंजुरी दाखवतो, आणि त्यात भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागून आधी-नंतरचे व्हिडिओ दाखवणाऱ्याला विचारा: श्रेणी ए चे किती रुग्ण, कोणी स्वतंत्रपणे तपासले, बिघडलं तर जबाबदार कोण. आणखी एक, असं इंजेक्शन एकदा घेतलं की पुढे एखादा चांगला अभ्यास निघाला तर त्यातून बहुधा नाव वगळलं जातं. हा भाग त्यालाच वाचायला द्या. अंग त्याचं आहे आणि तो सतरा वर्षांचा आहे, निर्णयात त्याचा आवाज असायला हवा.

पुढचं उत्तर अधिक नेमकं द्यायचं असेल तर एवढं कळवा: युरोडायनॅमिक्स झाली का, एका वेळी लघवी किती निघते, शांत असतानाचा रक्तदाब किती, आणि कुशन कोणत्या प्रकारचं आहे.